न सोसणारा घास

आजारी माणसाच्या उशाशी बसलेले घरातले वडीलधारे माणूस एक वाक्य हमखास बोलते : “दोन घास खाऊन घे, म्हणजे अंगात ताकद येईल.” अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या आपल्या समाजात या वाक्याबद्दल शंका येण्याचे कारणच नाही. पण जगात एक आजार असा आहे, की ज्यात हे मायेचे दोन घासच रोग्याचे नुकसान करीत असतात. घास शिळा नसतो, नासलेला नसतो, त्यात भेसळही नसते. तो असतो ताज्या कणकेच्या, तूप लावलेल्या मऊ पोळीचा. घरातली बाकी सगळी माणसे त्याच डब्यातल्या पोळ्या खाऊन ठणठणीत असतात; एकालाच त्या सोसत नाहीत. या आजाराचे नाव ‘सीलिअ‍ॅक’.

हा विषय वैद्यकाचा. कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, या आजारावर आजमितीस औषध नाही. गोळी नाही, सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. गहू, सातू (म्हणजे बार्ली) आणि राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य करणे हा एकच उपाय आहे. तो पाळायचा तर कोणत्या पदार्थात काय आहे, हे कळायला हवे. म्हणजे या आजारात ज्ञान हेच औषध ठरते, आणि रोग्याला जन्मभराचा विद्यार्थी व्हावे लागते. त्याला शोधाचा ध्यास लागतो. कधी कधी तो ध्यास इतका वाढतो, की घरचे त्याला खूळ म्हणू लागतात. हा ध्यास कोठून येतो, तो कोणाकोणाला लागला, त्याने काय साधले आणि तो एकट्याने का पेलत नाही, हे सांगण्याचा या लेखाचा प्रयत्न आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. आपले लहान आतडे ही काही मीटर लांबीची नळी आहे. पण तिची खरी करामत लांबीत नसून आतल्या अस्तरात आहे. हे अस्तर गुळगुळीत नसते. टर्किश टॉवेलवर जसे दोऱ्यांचे बारीक फासे उभे असतात, तसे या अस्तरावर लक्षावधी अंकुर उभे असतात. एकेका अंकुराची उंची जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. पण त्यांच्यामुळे शोषणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. पचलेल्या अन्नातील साखर, स्निग्धांश, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे सारे या अंकुरांवाटे रक्तात जाते. सीलिअ‍ॅकच्या रोग्यात हे अंकुर झिजत झिजत सपाट होतात. टॉवेलचा जणू पंचा होतो. मग माणूस पोटभर जेवला, तरी अन्न अंगी लागत नाही.

हे घडते ते ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे. ग्लुटेन पाहायचा असेल, तर प्रयोगशाळेत जावे लागत नाही. मळलेल्या कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली चोळत राहिले, की पिष्टाचा पांढरा अंश वाहून जातो आणि हाती रबरासारखा चिवट लगदा उरतो. तोच ग्लुटेन. पोळी लाटताना फाटत नाही आणि पाव फुगतो, ही त्याचीच करणी. ज्वारीच्या पिठाला हा चिवटपणा नाही. म्हणून पोळी लाटतात आणि भाकरी थापतात. आपल्या स्वयंपाकघरातील या दोन क्रियापदांत सगळे रसायनशास्त्र आले आहे.

हा चिवट पदार्थ पोटातही चिवटच राहतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले, की ग्लुटेनमधील तेहतीस अमिनो आम्लांचा एक तुकडा पोटातील पाचकरसांना दाद देत नाही. आपल्या सर्वांच्याच आतड्यात असे तुकडे अर्धवट पचलेले राहतात आणि बहुतेकांना त्यांचा काही उपसर्ग होत नाही. पण ज्यांच्या अंगी ‘डीक्यू-२’ किंवा ‘डीक्यू-८’ या नावाने ओळखली जाणारी जनुके असतात, त्यांच्यापैकी काहींचे शरीर या तुकड्याला शत्रू समजते, आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच आतड्यावर शस्त्र धरते. गव्हाबरोबर किडे रगडले जातात, ही आपली म्हण. येथे गव्हाबरोबर स्वतःचे आतडेच रगडले जाते. म्हणून या आजाराला गव्हाचे वावडे म्हणणे बरोबर नाही. वावड्यात अंगावर गांधी उठतात, धाप लागते आणि बहुधा थोड्या वेळात सारे शमते. सीलिअ‍ॅकमध्ये इजा मुकाट्याने, वर्षानुवर्षे होत राहते. विशेष म्हणजे ही जनुके सुमारे तीस-चाळीस टक्के लोकांच्या अंगी असतात. आजार मात्र त्यांतील थोड्यांनाच होतो. असे का, याचा पुरता उलगडा शास्त्राला अजून झालेला नाही.

रोग मुका असल्यामुळे तो सोंगे पुष्कळ घेतो. लहान मुलात जुलाब, फुगलेले पोट, काटकुळे हातपाय आणि खुंटलेली वाढ ही त्याची ओळखीची लक्षणे. पण मोठ्या माणसात जुलाब नसतीलही. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त न वाढणे, तोंडात वारंवार फोड येणे, अकाली हाडे ठिसूळ होणे, सतत थकवा, मूल न राहणे, कोपरा-गुडघ्यांवर खाजरे पुरळ, अशा नाना रूपांनी तो येतो. मग पोट बिघडले म्हणून जंताचे औषध, रक्त कमी म्हणून टॉनिक, मूल खुरटले म्हणून दृष्ट काढणे असे उपचार चालतात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. घरचे लोक ‘पोषण’ म्हणून त्याच मुलाला गव्हाचे सत्त्व, रव्याची खीर आणि बिस्किटे चारीत असतात.

या रोगाचे कारण माणसाला कसे सापडले, ही कथा मोठी उद्बोधक आहे. ग्रीक वैद्य अरेटिअस याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातच अन्न न पचता पडून जाणाऱ्या एका जुनाट रोगाचे वर्णन केले होते. पोटाला ग्रीक भाषेत ‘कोइलिआ’ म्हणतात. त्यावरूनच ‘सीलिअ‍ॅक’ हे नाव पुढे रूढ झाले. मग थेट ५ ऑक्टोबर १८८७. त्या दिवशी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या इस्पितळात सॅम्युएल गी या डॉक्टरने या रोगावर व्याख्यान दिले. पुढच्या वर्षी ते छापून आले. रोगी बरा व्हायचाच असेल, तर तो आहारानेच होईल, हे गीने ओळखले होते. त्याने एका मुलाची हकीकत सांगितली आहे. त्या मुलाला रोज मापभर डच शिंपले खाऊ घालीत, आणि तोवर त्याची प्रकृती झपाट्याने सुधारत असे. शिंपल्यांचा हंगाम संपला, की मूल पुन्हा खंगे. उत्तर डोळ्यांसमोर होते, पण दिसले नाही. शिंपल्यांत काय आहे, असा प्रश्न सर्वांना पडला. शिंपले खाताना मूल काय खात नव्हते, हा प्रश्न कोणाला सुचला नाही. याच गीने आपल्या रोग्यांना पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेला पाव चालेल, असे सांगितले होते!

हीच चूक थोड्या निराळ्या रीतीने न्यूयॉर्कमध्ये झाली. तेथील बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांचा आहार प्रसिद्ध केला. पाव, बिस्किटे, बटाटे बंद आणि दिवसाकाठी भरपूर केळी. खंगलेली मुले खरोखरच सुधारली. पुढे दोन-तीन दशके अमेरिकेत ही पद्धत चालू होती. हास यांची खात्री झाली, की गुण केळ्यांत आहे. वास्तविक गुण होता तो केळ्यांनी ताटातून हुसकावून लावलेल्या पावाच्या अभावात. पण मूल बरे झाले असे मानून पुन्हा पाव सुरू केला, म्हणजे आतड्याची झीजही पुन्हा सुरू होई, आणि ती बाहेरून दिसत नसे. हे त्या काळी कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते.

ध्यानात आणून दिले ते एका डच डॉक्टरने. विलेम कारेल डिके हे १९०५ साली जन्मले आणि १९३६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, हेग येथील ज्युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्या सुमारास एका तरुण आईने त्यांना सांगितले, की मुलाच्या खाण्यातून पाव काढला, की त्याच्या अंगावरचे पुरळ लवकर कमी होते. अशा सांगण्याकडे दुर्लक्ष करणे सोपे असते. ‘तुम्ही काळजी करू नका, डॉक्टर आम्ही आहोत,’ असे म्हणून विषय संपवता येतो. डिके यांनी तो संपवला नाही. १९४१ सालीच त्यांनी पाव-टोस्ट वगळलेला एक साधा आहार आपल्या देशातील वैद्यकीय साप्ताहिकात सुचवला.

त्यानंतर आला १९४४-४५ चा हिवाळा. जर्मनांच्या ताब्यातील पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तुटला, आणि त्या ‘भुकेच्या हिवाळ्या’त सुमारे वीस हजार माणसे मेली. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. पाव दिसेनासा झाला. सांगतात, की सारे शहर वाळत असताना डिके यांच्याकडील सीलिअ‍ॅकची मुले मात्र तितकी खालावली नाहीत. आणि मदतीचा पाव पुन्हा मिळू लागला, तेव्हा ती पुन्हा आजारी पडली. दुष्काळाने लावलेला शोध म्हणून ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती चित्तवेधक आहे. परंतु तिच्यामुळे त्या आईवर अन्याय होतो. शंका आधीच पेरली गेली होती. दुष्काळाने तिला खतपाणी घातले, इतकेच. शिवाय अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे डिके जाणून होते. त्यांनी काही मुलांना दीर्घकाळ देखरेखीखाली ठेवले. कधी गहू द्यायचा, कधी काढायचा, वजनाची आणि उंचीची नोंद ठेवायची. गहू दिला, की वाढीची रेषा खाली वळे; काढला, की वर चढे. १९५० साली उत्रेख्त विद्यापीठाला त्यांनी हा प्रबंध सादर केला. आईचे ते सांगणे आणि हा प्रबंध यांत जवळजवळ चौदा वर्षांचे अंतर आहे. ध्यास म्हणतात तो असा.

पुढची पावले भराभर पडली. डिके, त्यांचे सहकारी बालरोगतज्ज्ञ वेयर्स आणि रसायनशास्त्रज्ञ व्हान दे कामर यांनी मुलांच्या विष्ठेतील स्निग्धांश मोजून रोगाचे प्रमाण आकड्यांत पकडले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी १९५२ साली दाखवले, की गव्हातील पिष्ट निरुपद्रवी असून दोष ग्लुटेनचा आहे. १९५४ मध्ये पॉली या इंग्रज डॉक्टरने शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याच्या तुकड्यात खराब झालेले अंकुर पाहिले. १९५६ मध्ये लंडनच्या मार्गो शायनर यांनी पोट न फाडता, तोंडावाटे नळी घालून आतड्याचा कण काढण्याची रीत काढली. १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी शरीर स्वतःच्या कोणत्या विकरावर हल्ला करते, ते शोधून काढले; आज केली जाणारी रक्ताची मुख्य तपासणी त्यावरच आधारलेली आहे. हा सगळा डोलारा एका आईच्या निरीक्षणावर उभा आहे. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण आपण वापरतो. पण ज्याला कळते त्याचे कोणी ऐकले, तरच त्याचा उपयोग.

आता आपल्याकडे पाहू. हा युरोपियनांचा रोग, असा समज पुष्कळ दिवस होता. परंतु उत्तर भारतातील मुलांमध्ये तो आढळतो, हे १९६६ मध्येच प्रसिद्ध झाले. दिल्ली परिसरातील लोकवस्तीत केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दर शहाण्णव माणसांमागे एकाला हा आजार आढळला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत देशातील तेवीस हजारांवर प्रौढांची तपासणी होती. तिच्यात आजाराचे प्रमाण उत्तरेत शेकडा १.२३, ईशान्येस ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० असे आले. जनुकांचे प्रमाण मात्र तिन्हीकडे फारसे वेगळे नव्हते. तीन माणसांमागे एकाच्या अंगी ती होतीच. ठळक फरक ताटात होता. उत्तरेकडील माणूस दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू खातो, तर दक्षिणेकडील माणूस पंचवीस ग्रॅम. बी सगळीकडे पडलेले आहे. पाणी मिळाले तेथे ते उगवले, असे म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. आपल्या आजी-पणजीचे जेवण ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांवर चाले, आणि या चारही धान्यांत ग्लुटेन नाही. गव्हाची पोळी सणासुदीला. शहरात आणि आता खेड्यातही भाकरीची जागा पोळीने, न्याहारीची जागा बिस्किटाने आणि पावाने घेतली आहे. त्यामुळे या रोग्याला आपल्याकडे एक सोय आहे आणि एक गैरसोय. सोय अशी की, भाकरी, भात, आंबील, घावन, तांदळाची उकड हे सारे घरचेच अन्न त्याला चालते. त्यासाठी परदेशी डबे आणावे लागत नाहीत. उपवासाचे ताट तर जणू त्याच्यासाठीच वाढलेले : साबूदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळे. इतरांना एकादशी कठीण आणि बाकीचे दिवस सोपे; याचे बरोबर उलटे.

गैरसोय अशी की, गहू नको त्या ठिकाणी लपून बसतो. बाजारी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणजे डाळीत गहू नसूनही फोडणीतून तो येतो. मेतकुटात मूठभर गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. सातूच्या पिठात असतो. कुरडया तर गव्हाच्याच चिकाच्या. सोया सॉसमध्ये गहू आणि माल्टच्या पेयांत बार्ली. आणि सर्वांत मोठा चोर म्हणजे पिठाची गिरणी. ज्या गिरणीत आत्ताच कोणाचा गहू दळला, त्याच दगडांतून ज्वारी निघाली, की भाकरीतही ग्लुटेन आला. हा अतिरेक वाटेल. पण रोज सुमारे पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेला, तरी आतड्याला इजा होऊ शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. गव्हाच्या एका पोळीत याच्या चाळीस-पन्नास पट ग्लुटेन सहज असतो. म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा हीसुद्धा दखल घेण्याजोगी गोष्ट ठरते. म्हणूनच ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापायचे, तर किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा नियम आपल्या देशातही आहे.

इतके सगळे लक्षात ठेवावे लागले, तर माणसाचे काय होईल? माझ्या नात्यातील एका मुलीचे झाले ते सांगतो. लहानपणापासून ती किरकोळ अंगाची, वर्गात पहिल्या बाकावरची. रक्त कमी म्हणून तिला कितीतरी बाटल्या टॉनिक पाजले गेले. एकोणिसाव्या वर्षी एका डॉक्टरांना शंका आली, रक्त तपासले, दुर्बिणीने आतड्याचा कण काढला आणि निदान झाले. पहिले काही दिवस तिला आनंदच झाला. आपण आळशी नव्हतो, आजारी होतो, हे कळणे ही काही लहान सुटका नव्हे. मग ध्यास सुरू झाला. तिने दोनशे पानी वही घातली. डाव्या बाजूला चालणारे पदार्थ, उजव्या बाजूला न चालणारे, संशयित तांबड्या शाईने. दुकानात पुड्यामागची बारीक अक्षरे वाचीत ती अर्धा अर्धा तास उभी राही. रात्री फोनवर आणि ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांत तिचे वाचन चाले. इंग्रजी शोधनिबंध ती शब्दकोश घेऊन वाची. आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना लाजवील अशी तिची टिपणे होती.

पण ज्ञान वाढले तशी भीतीही वाढली. लग्नाकार्याला ती जाईना. मैत्रिणीकडे पाणी पिताना भांडे विसळून घेई. आईने लावलेल्या भाताकडेही ती संशयाने पाही, आणि आईच्या जिवाला ते लागे. आजी म्हणे, “एवढ्याशा कणीने काय होते?” वडील म्हणत, “वाचून वाचून डोके फिरवून घेतले आहेस.” तिच्यासाठी स्थळे पाहायची चर्चा सुरू झाली, तेव्हा हे समोरच्यांना सांगायचे की झाकायचे, यावर घरात दोन तट पडले. तिला रोग झाला होता आतड्याचा, आणि ती एकटी पडली होती ताटावर.

फरक पडला तो एका ओळखीमुळे. दुसऱ्या गावातील एका बाईंच्या अकरा वर्षांच्या मुलाला हाच आजार होता. पहिल्यांदा बोलणे झाले ते दोन तास. त्या बाईंनी नवे शास्त्र काही सांगितले नाही. बहुतेक गोष्टी हिच्या वहीत होत्याच. त्यांनी सांगितले ते जगण्याचे : घरगुती गिरणी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये, खडा हिंग आणून घरी कुटावा, पोळपाट, तवा, चाळणी वेगळी ठेवावी, लग्नाला जाताना डबा न्यावा, पण पंगतीत सर्वांबरोबर बसूनच तो खावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि एकदाही ‘एवढ्याने काय होते’ असे म्हटले नाही. त्यानंतर हळूहळू तिची तांबडी शाई कमी वापरली जाऊ लागली. रक्त वाढले, वजन वाढले, आणि जे वर्षानुवर्षे दिसले नव्हते ते हसूही.

असा सांगाती लागतो, ही गोष्ट इंग्लंडमधील दोघांना फार पूर्वी पटली होती. त्यांतील एकाचे नाव आपल्याकडील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. पीटर बेनन्सन या वकिलाने २८ मे १९६१ रोजी ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात, आपल्या मतांसाठी तुरुंगात पडलेल्या विसरलेल्या कैद्यांवर लेख लिहिला आणि त्यातून ‘अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ ही संघटना जन्मली. या बेनन्सनना स्वतःला सीलिअ‍ॅक होता. १९६८ साली त्यांनी एलिझाबेथ सेगल या बाईंबरोबर सीलिअ‍ॅकच्या रोग्यांची संस्था काढली. एकट्या पडलेल्या माणसाला ‘तू एकटा नाहीस’ असे कळवणे, हे दोन्ही संस्थांचे सूत्र पाहिले, म्हणजे एकाच माणसाने या दोन्ही का काढाव्यात, याचे आश्चर्य वाटत नाही. या संस्थेने बाजारातील कोणते पदार्थ चालतात, याच्या याद्या छापल्या. म्हणजे प्रत्येकाने आपापली दोनशे पानी वही लिहिण्याची गरज उरली नाही; एकाचे वाचन हजारांच्या कामी आले. काट मारलेल्या कणसाचे चिन्ह आज अनेक देशांत ग्लुटेनमुक्त पदार्थांवर दिसते, ते अशाच संस्थांच्या खटपटीचे फळ. पास्ता आणि पावाच्या इटलीने तर २००५ साली कायदा करून या रोग्यांच्या आहारासाठी सरकारी साहाय्य आणि सार्वजनिक भोजनगृहांत वेगळे अन्न यांची तरतूद केली.

या आजाराचा काच देवाच्या दारीही सुटत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. तो नाकारला, तर चारचौघांत उद्धटपणा दिसतो. कॅथलिक पंथात प्रभुभोजनाची भाकर गव्हाचीच हवी असा नियम आहे. २००३ साली व्हॅटिकनने स्पष्ट केले, की पूर्ण ग्लुटेनविरहित भाकर चालणार नाही. अत्यल्प ग्लुटेन असलेली चालेल, आणि तीही न सोसणाऱ्याने केवळ द्राक्षारस घ्यावा. गोव्यातील किंवा वसईतील श्रद्धाळू रोग्यालाही हा प्रश्न तितकाच जवळचा. अन्न हे नुसते पोट भरण्याचे साधन असते, तर हा रोग फार सोपा झाला असता. आपण अन्नातून नाती जोडतो, म्हणून तो अवघड आहे.

आता दोन गोष्टी सावधगिरीच्या. पहिली अशी की, हा लेख वाचून कोणाला आपल्यात ही लक्षणे दिसली, तर त्याने आपल्या मनाने गहू बंद करू नये. गहू सोडला, की रक्तातील खुणा ओसरतात, अंकुर भरून येऊ लागतात, आणि तपासणीत काही सापडत नाही. आधी गहू खात असतानाच रक्त तपासावे, डॉक्टरांना वाटल्यास आतड्याची तपासणी करावी आणि मगच काय ते ठरवावे. रोग्याचे सख्खे भाऊ-बहीण, आई-वडील, मुले यांनीही तपासून घ्यावे, कारण त्यांच्यात हा आजार असण्याचा संभव अधिक. दुसरी गोष्ट, हल्ली गहू सोडण्याची एक टूम निघाली आहे. ज्याला आजार नाही, त्याने साप साप म्हणून भुई धोपटण्याचे कारण नाही. त्या टुमेचा एक तोटा असा होतो, की ज्याला खरोखर आजार आहे, तोही चोचले करणारा ठरतो.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे, तर आपण काय करू शकतो? वसतिगृहाच्या खाणावळीत ज्वारीच्या किंवा तांदळाच्या भाकरीसाठी वेगळा तवा आणि वेगळे पीठ ठेवणे ही काही खर्चाची बाब नाही. स्नेहसंमेलनाच्या अल्पोपाहारात एक पदार्थ शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा ठेवता येईल. वर्गात नेहमी पेंगणारा, खेळात मागे पडणारा, वयाच्या मानाने लहान दिसणारा एखादा विद्यार्थी असतो. त्याला आळशी ठरवण्याआधी त्याने एकदा प्रकृती दाखवावी, असे प्राध्यापकांनी सुचवायला हरकत नाही. आणि एखादी मैत्रीण डब्यातील पोळी नको म्हणाली, तर ‘एक घास घे ग, काही होत नाही’ असा आग्रह न करता तिला काय चालते, ते विचारावे. डिके यांनी एका आईचे ऐकून घेतले, तेवढेच आपण एका मैत्रिणीचे ऐकून घेतले तरी पुष्कळ झाले.